एवढी चरबी आली कुठून?

ज्या हिवाळ्यात मी शास्त्रज्ञ होणार होते, त्या हिवाळ्यात आमच्या घरी आंबोळ्या फार सुरेख होत होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल अशी शंका मला शेवटपर्यंत आली नाही. (एमेस्सीला पहिला वर्ग होता माझा!)

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गिरण्यांच्या संपानंतरची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. आयुष्यभर साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत माकडटोपी घालून बसायचा आणि भाकऱ्या भराभर कशा थापाव्यात ते आईला शिकवायचा. घरात पगार असा कुणालाच नव्हता. मी ज्या सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, त्यांच्याकडे साहाय्यकाची एक जागा निघणार होती. ती मला हवी होती. विनोद बाजूला ठेवून सांगते, फार हवी होती.

सर कट्टर शाकाहारी होते. कोंबडीच्या मांसावर ते तासन्‌तास बोलायचे, पण कोंबडीला हात लावायची वेळ आली की त्यांना नेमकं कुठेतरी मीटिंगला जायचं असायचं. त्यांचा एक लाडका सिद्धान्त होता. कोंबडीच्या स्नायूंत काही मूळ पेशी असतात. पिल्लू लहान असताना या पेशींचं आपण पुढे कोण व्हायचं ते पुरतं ठरलेलं नसतं. पिल्लाला जास्त उबेत ठेवलं तर त्या मांसाचा रस्ता सोडून चरबीच्या वाटेला लागतात, आणि थंडीत ठेवलं तर चरबी धरत नाही. हे सिद्ध करायचं काम माझ्याकडे होतं. त्यातच कॉलेजच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं आणि सर म्हणाले, "परब, पिल्लं घरी ठेवशील?" मी हो म्हणाले. नोकरीसाठी मी घरी म्हैससुद्धा ठेवली असती.

पिल्लं आली. निम्मी पिल्लं लाल दोरा बांधून स्वयंपाकघरातल्या खोक्यात गेली, वर शंभराचा बल्ब. निम्मी निळा दोरा बांधून गॅलरीतल्या खोक्यात, नुसत्या हवेवर. खाणं दोघांना सारखं. पहिल्याच दिवशी आईने गॅलरीकडे बघून सुरुवात केली.

"गो, ती पिलां थंडीन कुडकुडतत. तुका काळीज आसा की नाय?"

"आई, हा प्रयोग आहे. भावना मध्ये आणायच्या नसतात."

"बघा हो, चेडवाक चरबी चडली हा!" आई अण्णांना म्हणाली. (चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.)

अण्णांना मी मूळ पेशी समजावून सांगितल्या. काय व्हायचं ते न ठरलेल्या, आतून बोलावणं येईल तसं काम धरणाऱ्या पेशी. अण्णांनी माकडटोपी मागे सारली.

"म्हणजे बदली कामगार! सकाळी गेटवर उभे राहायचे. ज्या खात्यात माणूस कमी, तिकडे घ्यायचे."

"साधारण तसंच."

"मग त्यांना कायम कोण करणार?"

याचं उत्तर विज्ञानाकडे नव्हतं, म्हणून मी कॉलेजला निघून गेले.

मी सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. आल्यावर खोक्यात थर्मामीटर घालायची, रविवारी वजनं करायची आणि रात्री लवकर झोपायची. इमारतीतले लोक जिन्यात भेटले की शास्त्राची प्रगती विचारायचे. ("काय गं, कधी कापणार?") आणि मी त्यांच्याकडे, ज्यांना मूळ पेशी माहीत नाहीत अशा माणसांकडे बघावं तशी बघायची.

तीन-चार रविवार गेले आणि माझी झोप उडाली. लाल दोऱ्याची, दिव्याखाली लाडात वाढलेली पिल्लं सडपातळ! आणि निळ्या दोऱ्याची, जी थंडीने वाळायला हवी होती, ती लोडासारखी गोल! त्यांना गॅलरीभर चालताही येईना. दोन पावलं टाकून बसायची आणि माझ्याकडे थकून बघायची. सरांचा सिद्धान्त आमच्या गॅलरीत उलटा होऊन पडला होता. त्याच्याबरोबर माझी नोकरीही पडणार हे दिसत होतं. आणि पुढच्या रविवारी सर स्वतः पिल्लं बघायला येणार होते!

"वाट लागली," मी म्हणाले.

"कसली वाट लागली? आंबोळी खा," आई म्हणाली. मी खाल्ली. चार खाल्ल्या. त्या दिवसांत दुःखातही भूक लागेल अशा आंबोळ्या होत होत्या.

रविवारी सर आले. इस्त्रीचा सदरा, हातात रुमाल. आईने लगेच आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ पुढे ठेवली. मी काखेत एक निळ्या दोऱ्याची पेढी घेऊन समोर उभी राहिले. (पेढी म्हणजे आमच्याकडे तरणी कोंबडी. सर मात्र बँकेच्या पेढीकडे बघावं तसे तिच्याकडे आदराने बघत होते.)

"सर, ही थंडीतली."

"ही?" सरांचा घास थांबला. "एवढी चरबी? थंडीत?"

आता संपलं, असं मला वाटलं. पण सरांनी घास गिळला आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पसरायला लागला.

"बरोबर! थंडीत शरीर साठा करतं! मूळ पेशी सावध होतात आणि चरबी धरतात. परब, मी हे पहिल्यापासून म्हणत होतो!"

पहिल्यापासून ते याच्या बरोबर उलटं म्हणत होते. पण मी मान एवढ्या जोरात हलवली की काखेतली कोंबडीही हलली.

"परिषदेत मांडू या. तुझंही नाव घालू, माझ्या खाली. आणि ती साहाय्यकाची जागा आपलीच समज. फक्त एक सांग, पिल्लं कायम आपापल्याच खोक्यात होती ना?"

"कायम, सर!"

"कायम कशी?" अण्णा खुर्चीतून म्हणाले. "रात्री बदली व्हायची ना."

मी कोंबडीसकट अण्णांकडे वळले.

"कसली बदली, अण्णा?"

"अगो, एकाच पार्टीने कायम दिव्याखाली बसायचं आणि दुसरीने कायम गॅलरीत? हा कुठला न्याय? तू झोपलीस की मी लाल दोरा गॅलरीत न्यायचो आणि निळा दोरा दिव्याखाली. तू उठायच्या आधी परत जागच्या जागी. दिवसपाळी, रातपाळी! तू दोरे बांधलेस ते झकास केलंस हां, एकदापण घोळ झाला नाही."

अण्णांनी गिरणी बंद पडल्यावर आमच्या घरात एक सुरू केली होती. तिथे संप नव्हता, टाळेबंदी नव्हती, आणि सगळे कामगार वेळेवर हजर होते. मी नोकरीची आशा सोडली, पण सर पुन्हा उजळले! असा माणूस मी नंतर पाहिला नाही.

"म्हणजे निळ्या दोऱ्याला रात्रभर ऊब मिळाली! आणि चरबी त्यांनाच आली! म्हणजे उबेनेच चरबी! परब, माझा मूळचाच सिद्धान्त बरोबर निघाला. मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?"

"हेच, सर!" मी म्हणाले. या वेळी ते खरंही होतं. नोकरी परत आली होती. मला अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं. सरांनी खुशीत आणखी एक आंबोळी घेतली, उजेडात धरली आणि आईकडे वळले.

"काकू, जाळी काय सुंदर पडलीय हो! आमच्याकडे या थंडीत पीठ आंबतच नाही. तुम्ही करता काय?"

आई आयुष्यात पहिल्यांदा एका प्राध्यापकाला काहीतरी शिकवणार होती. ती पदर सावरून पुढे आली.

"काय नाय ओ. रोज राती पिठाचो टोप कोंबड्यांच्या खोक्यात ठेवतंय, दिव्याखाली. सकाळी वायच कमी झालेला आसता, पण फुगता बरा!"

सरांनी हातातल्या आंबोळीकडे पाहिलं. मग माझ्या काखेतल्या कोंबडीकडे पाहिलं. तिच्या चोचीवर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. ते मीही रोज बघत होते. ते कॅल्शियम असावं, असा माझा अंदाज होता.

म्हणजे निळी पार्टी रातपाळीला यायची, उबेत बसायची आणि रात्रभर तांदूळ-उडदाचं पीठ ओरपायची. आणि उरलेलं आम्ही सकाळी खायचो. आणि आता सरांनीही खाल्लं होतं. सरांनी आंबोळी ताटलीच्या कडेला ठेवली आणि रुमालाने एकेक बोट पुसलं. तिसरा सिद्धान्त काही सुचेना त्यांना.

माझा तोल गेला. "तुम्हाला दोघांना अक्कल आहे का? एवढं शिकलेय मी, मला एका शब्दाने विचारायचं तरी! तुम्हाला काय कळतंय यातलं!"

अण्णांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. सर माझ्या दिशेने, म्हणजे काखेतल्या कोंबडीकडे, हताशपणे बघत राहिले.

"मग नक्की समजायचं काय?" ते पुटपुटले. "एवढी चरबी आली कुठून?"

आईला वाटलं, सर माझ्याबद्दलच विचारतायत. तिने सुस्कारा सोडला.

"एमेस्सी झाल्यापासून, सर. आधी बरां हुतां ओ चेडू."

नोकरी अर्थातच गेली. मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवायला लागले. मी मुलांना नेहमी सांगायची की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि शक्यतो आईवडिलांना विचारून बदलावी. अण्णांना साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात काम मिळालं, तेही रातपाळीचं. सरांनी पुढे आणखी पुष्कळ सिद्धान्त मांडले आणि दर वेळी, आपण हे पहिल्यापासूनच म्हणत होतो, असं सांगितलं. आमच्या प्रयोगावर मात्र कुणी कधी काही लिहिलं नाही. त्यातून निष्कर्ष निघाला तो एकच, आईचा, आणि माझे सगळे नातेवाईक आजवर तो तपासून बघतायत. प्रत्येक वेळी बरोबर येतो!