मोकळी टाच

आयर्लंडमधल्या नावन गावी आमच्या घरासमोर हिरवळीचा बुटका उंचवटा होता. रोज संध्याकाळी एक पन्नाशीचा गृहस्थ पायांत स्की अडकवून ओल्या गवतावरून तो चढायचा. बूट फक्त पुढून अडकलेला, टाच मोकळी, त्यामुळे चाल थेट बदकासारखी. वर पोचला की स्क्रूड्रायव्हरने टाचेमागचा स्क्रू जरासा पिळायचा, टाच खटकन अडकवून बघायचा आणि खूश व्हायचा. मग स्की खांद्यावर टाकून चालत खाली.

"इथे बर्फ कुठाय?" मी एकदा विचारलं.

"पडेल की! पडल्यावर स्क्रूड्रायव्हर शोधत बसायचं नाहीये मला."

साताऱ्याहून आलेली आई खिडकीतून बघत म्हणायची, "वेडंच आहे बाई!" पण एखाद्या दिवशी तो दिसला नाही की तिचा चहा गार व्हायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी सगळं पांढरंशुभ्र. तो वर चढला, वाकला, दोन्ही टाचा अडकवल्या आणि सुटला, तो थेट आमच्या फाटकाशी येऊन आडवा! आई शाल सावरत धावली.

"लागलं का रे?" तिने मराठीतच विचारलं.

"ग्रँड!" म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम ठीक', असं म्हणत तो हसत उठला, टाचा सोडवल्या आणि पुन्हा चढायला लागला.

आई पायरीवरच बसली. "चहा इथेच आण," म्हणाली. "त्याचाही."