दोन गोण्यांतली मोटारसायकल

घणसोली गावात नामदेव मढवीचं घर विचारलं की लोक सांगायचे, "त्यो अर्धा जिना दिसतंय ना, त्याच." गच्चीवर जायला म्हणून नामदेवने जिना बांधायला घेतला, पाच-सहा पायऱ्या झाल्या आणि त्याला कोंबड्या पाळायचं सुचलं. कोंबड्यांचा खुराडा उभा राहतोय तोवर व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी काढायचं सुचलं. लायब्ररीनंतर टेम्पो घेतला, तोही विकला. जिना मात्र हवेत तसाच लटकत राहिला आणि त्याची बायको पुतळा त्याच्यावर वाकट्यांची मासळी सुकत घालू लागली. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून नोकरी इमानाने करायचा. फक्त त्याचं बूड म्हणून एका जागी ठरत नव्हतं. जेवायला बसला तरी मधेच उठून नळाचा वायसर बघून यायचा.

पुतळा उरणकडची. तिचे वडील हौसेराव यांची खाडीकाठची भातशेती बंदराला गेली, तेव्हा हातात एकरकमी पैसा आला. असा पैसा आलेल्या माणसांनी काय काय केलं, ते सगळ्या पट्ट्याने बघितलं आहे. हौसेरावांनी त्यातून एक पक्कं घर बांधलं आणि लेकीच्या लग्नात तिला एक मोटारसायकल दिली. साधीसुधी नव्हे. मूळ जपानी घडणीची, दोन सिलिंडरची राजदूत साडेतीनशे, पोरं जिला आरडी म्हणायची. ती लाल टाकीची गाडी मांडवाच्या दारात उभी केली तेव्हा नवरदेवापेक्षा जास्त गर्दी तिच्याभोवती झाली होती. हौसेराव येईल त्याला सांगत होते, "ही माझी जमीन हाय. फक्त चाकांवर उभी केलंय."

ती जमीन नामदेवने चार वर्षांत विकली. टेम्पो घ्यायचा होता, आणि नामदेवच्या मनात एखादी गोष्ट आली की ती संध्याकाळपर्यंत व्हायलाच हवी. ना बायकोला विचारलं, ना सासऱ्याला. हौसेरावांना कळलं ते उरणच्या बाजारात, तिसऱ्याच माणसाकडून. ते तडक घणसोलीला आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जोवर ती गारी चालत या दारान येत नाय, तोवर या घरचा पानी मी पिनार नाय." आले तसे परत गेले. ही नव्वद सालची गोष्ट.

तेव्हापासून पुतळाच्या जिवाला चैन नव्हतं. ती माहेरी जायची, वडील तिच्याशी बोलायचे, हातावर काहीबाही ठेवायचे. पण निघताना "बाबा, या ना घरी" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर ते तोंड फिरवायचे. मुलीच्या बारशाला आले नाहीत. मागे भाडोत्र्यांसाठी खोल्या बांधल्या तेव्हा आले नाहीत. गावातल्या दुसऱ्या बायकांचे बाप दर जत्रेला येऊन ओटीवर पाय पसरून बसायचे, ते ही आपल्या दारातून बघायची. बाप आहे, धडधाकट आहे, आणि आपल्या दारात येत नाही, हे दुःख कुणाला सांगण्यासारखंही नसतं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नामदेव कंपनीच्या कामाला तुर्भ्याकडे गेला असताना एका भंगारवाल्याच्या कुंपणाआड त्याला एक गंजलेली नंबर प्लेट दिसली. नंबर तोच. संध्याकाळी तो घरी आला तो रिक्षात दोन गोण्या आणि टपावर मोटारसायकलचा सांगाडा बांधून. गोण्या ओटीवर ओतल्या तेव्हा त्यातून गाडी निघाली म्हणण्यापेक्षा लोखंडाचा कचराच निघाला.

"पुतले, हीच ती," नामदेव म्हणाला. "दसऱ्याला हिच्यावर बसून तुझे बापाला घेऊन येतंय."

पुतळाने त्या ढिगाकडे बघितलं, मग अर्ध्या जिन्याकडे बघितलं, आणि आत गेली. विश्वास ठेवायची तिची छाती होईना, आणि न ठेवावा तर जीव राहीना.

पुढचे महिने घराचं घरपण गेलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात रॉकेलमध्ये नटबोल्ट भिजत पडले. दोन कार्बोरेटर पुतळाच्या मिश्रीच्या डब्याशेजारी जाऊन बसले. इंजिनाच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट म्हणून तिच्या शालूचा पुठ्ठ्याचा खोका कापला गेला, तेव्हा ती कडाडून भांडली. रविवार उजाडला की नामदेव कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन भंगाराच्या दुकानांत उकिडवा बसायचा आणि एखादा क्लचचा तुकडा सोन्याचा दागिना आणावा तसा घेऊन यायचा. टाकी घासून घासून त्याने बोटांची सालं काढली.

आश्चर्य म्हणजे या वेळी तो दुसरीकडे वळला नाही. पावसाळा आला आणि गेला, तरी तो त्याच गाडीपाशी. पण स्वस्थपणा नव्हताच. चार कामं एकदम काढायचा, एक जोडता जोडता दुसरं सोडायचा, रंग ओला असताना हात लावून बघायचा आणि बोटाचा ठसा उठला की स्वतःलाच शिव्या घालायचा. आणि आता त्याची ती खाज पुतळालाही लागली होती. भाकरी थापता थापता ती उठून ओटीवर डोकावायची, "चाक बसला काय?" म्हणून विचारायची. गणपती होऊन गेले तेव्हा तिने चुलतभावाकडून उरणला निरोप पाठवला, की दसऱ्याला हे गाडी घेऊन येतायत. उलट निरोप आला तो एकाच शब्दाचा. "येवदे."

त्या एका शब्दावर पुतळाने सगळं नवरात्र काढलं.

नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. शेती होती तेव्हा कोयता आणि नांगर पूजेला बसायचे, आता पाने आणि स्क्रू ड्रायव्हर बसतात. रीत तीच आहे. पूजेला मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढेपर्यंत हात लावायचा नाही, त्याला तेवढी विश्रांती द्यायची. गाडी ओटीवर उभी होती, सगळी जोडलेली, फक्त वरचे दोन सिलिंडर बसवायचे राहिले होते. इंजिनाला वरून दोन भोकं उघडी होती, त्यात धूळ जाऊ नये म्हणून नामदेवनेच चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. पुतळाने सगळे पाने पाटावर ओळीने मांडले, इंजिनाला हळदकुंकू लावलं, त्या चिंध्यांवर अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडले आणि मनात म्हणाली, गावदेवी, उद्याच्या दिवस हिला चालव.

मग ती आळीतल्या बायकांबरोबर देवळात गेली. नामदेव कंपनीतली पूजा आटपून घरी आला तर घर रिकामं, आणि समोर दोन सिलिंडरवाचून अडलेली गाडी. तो आत गेला, बाहेर आला. पाणी प्यायला. पुन्हा बाहेर आला. आणि पुतळा देवळातून परत आली तेव्हा सिलिंडर बसलेले होते, पाने विस्कटलेले होते आणि झेंडूची फुलं कोपऱ्यात सारलेली होती.

"आवो, आज हात लावायचा नव्हता ना?"

"देवीला कलतंय गो. सकाली टाइम कंय हाय?"

पुतळाला ते बरं वाटलं नाही. पण गाडी तयार झाली होती, आणि तिलाही ती व्हायलाच हवी होती. तिने फुलं गोळा केली.

दसऱ्याला सकाळी दोघांनीही चहा कसाबसा घेतला. नामदेवने किक मारली. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग गाडीने एक आचका दिला आणि अशी गरजली की भाडोत्री आपापल्या खोल्यांतून बाहेर धावले. निळ्या धुराने आळी भरली. पोरं नाचायला लागली. पुतळाने नवी साडी नेसली होती, पण आधी एक चक्कर मारून बघतो म्हणून नामदेव एकटाच निघाला. तळ्यापर्यंत आवाज झकास गेला. मग करकचून काहीतरी घासल्यासारखं झालं आणि सगळं शांत झालं. पुतळा नव्या साडीनिशी तळ्याकडे धावली.

गाडी ढकलत आणली. नामदेवने घामाघूम होऊन सिलिंडर उचलला. पिस्टनवरची लोखंडी रिंग तुटली होती, सिलिंडरला आतून ओरखडे पडले होते, आणि खाली तेलात तांदळाचे दाणे होते. लाल, कुंकवाचे.

तो ताडकन उठला. "पुतले! तुझे पूजेनी घात केला! इंजिनान अक्षता टाकतंस? अक्कल हाय काय तुला?"

सगळी आळी बघत होती. पुतळाच्या डोळ्यांपुढे तो पाट, ती फुलं सगळं उभं राहिलं, आणि तिचा आवाज चढला.

"मी अक्षता टाकल्या त्या चिंध्यांवर. भोकां बंद व्हती. आज सकाली मी निरमाल काडलं असतं, चिंध्या झटकल्या असत्या. काल सांच्याला चिंध्या कोनी उपसल्या?"

कुणीतरी फिसकन हसलं. नामदेव पाटावर बसला, हातातला पाना खाली ठेवला आणि बसूनच राहिला. उठला नाही, काही शोधायला गेला नाही, पुन्हा खोलूया म्हणाला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याला असं निश्चल बसलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. चालत्याबोलत्या माणसाचं हे काय झालं म्हणून तिचा राग निम्मा उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. तिकडे उरणला म्हातारा वाट बघत असणार. आज कुणीच गेलं नाही तर पुन्हा कधी "येवदे" म्हणेल?

समोरच्या सदूचा टेम्पो पहाटे गेला होता, तो वाशीच्या मार्केटात झेंडू टाकून नुकताच परतला होता. पुतळा त्याच्याकडे गेली. "सदूभावजी, ही गारी टेम्पोन चरवा. उरनला जायचा हाय." आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा. शर्ट बदला."

उरण फाट्यापासून पुढे कंटेनरचे ट्रेलर झेंडूच्या माळा घालून रांगेने उभे होते. मागे गाडी दोरीने बांधलेली, इंजिन अर्धं उघडं, आणि नामदेव हौद्यात तिला धरून बसलेला. पुतळाने पुढे बसून आपट्याची पानं मुठीत इतकी घट्ट धरली की ती चुरगळून गेली.

हौसेराव ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, डोक्याला तेल, पायात चपला. सकाळपासून तसेच बसले असावेत. टेम्पो थांबला तसे ते अर्धवट उठले, आणि मागची गाडी बघून पुन्हा खाली बसले.

"चालत नाय?"

"चालली मामा. तल्यापोत चालली," नामदेव म्हणाला. "रिंग तुटली. माझेच चुकीनी. आठ दिवस द्या, मी परत..."

"चालत आन, असा बोल्लेलो."

नामदेवने आपट्याचं पान पुढे केलं. "सोना घ्या मामा." म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. नामदेव तसाच उभा राहिला, मग त्याची नजर टेम्पोकडे गेली, पायांची चुळबुळ सुरू झाली. पुतळाला कळलं, आता हा म्हणणार मी इथंच खोलून बघतो, आणि म्हातारा म्हणणार बघ, आणि आणखी सात वर्षं जाणार.

"बाबा," ती म्हणाली. "गारी तू कोनला दिलंलीस?"

हौसेरावांनी वर बघितलं.

"मना दिलंलीस ना? लेकीला दिलंलीस. मंग ह्यांनी इकली तवा मना इचारला नाय. तू शपथ घेतलीस तवा मना इचारला नाय. गारी माझी, शपथ तुझी, घाई ह्यांची. आन सात वरसां दारान वाट बगतंय ती मी. इकल्याचा मी कवाच पोटान घातला. तुमी दोगं अजून कशाला भांडताव?"

ती रडली नाही. रडायला तिला सवड नव्हती, ती इतकी चिडली होती. शेजारच्या ओटीवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. सदू टेम्पोचं टायर उगाच पायाने दाबून बघत होता. हौसेरावांनी त्या लाल टाकीकडे बघितलं. मग त्यांनी जावयाच्या हातातलं पान घेतलं, खिशात ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"पुतले," ते म्हणाले, "तुझे घरान जेवान काय केलंस?"

सात वर्षं. बाबा आले तर काय करायचं, ते तिने मनात किती वेळा रांधलं होतं. जिताड्याचं कालवण, वालाचं बिरडं, तांदळाच्या पातळ भाकऱ्या. आणि आज गाडीच्या नादात सकाळपासून घरात चूल पेटली नव्हती. साधा भातसुद्धा नव्हता.

"काय नाय केला बाबा," पुतळा म्हणाली. "चल. जाऊन भात टाकतंय."