हरडे मास्तरांचे वाचक

दर आठवड्याचा विज्ञानावरचा लेख नागपूरच्या साप्ताहिकाला पाठवण्याआधी हरडे मास्तर तो बालाघाटच्या बस अड्ड्यावरच्या चहाच्या टपरीत वाचून दाखवत. लांजीच्या बसची वाट बघणारा कुणीही श्रोता त्यांना चाले. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी आली की खिशातून पेन्सिल काढून ते वाक्य तिथेच खोडत. "त्याले नाही समजलं तं चूक माही आहे, त्याची नाही," असं म्हणत.

साठच्या दशकात आम्ही एकाच शाळेत विज्ञान शिकवत होतो. ते साधे बी.एस्सी., मी जबलपूरचा एम.एस्सी. तरी रस्त्यात लोक त्यांनाच थांबवत, "मास्तर, इस बार क्या लिखे?" मी शेजारी छत्री धरून उभा. एकदा न राहवून म्हणालो, "तुम्ही विज्ञान फार पातळ करता."

ते हसले. "हौ. पेजही पातळच राह्यते. म्हणून तं आजाऱ्याले चालते."

ते मला अधिकच झोंबलं.

एका उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यात देवीची साथ आली. लस टोचणारे आले, तशी माझ्या बायकोनं, सुशीलेनं, तान्ह्या मुलीला कुशीत घेऊन आतून कडी लावली. "पोरीले ताप आला तं? देवी कोपली तं?" मी दाराबाहेरून जंतू, प्रतिकारशक्ती, सगळं समजावलं. आतून आवाज आला, "तुमच्या शाळेतली पोरगी नाही मी."

त्याच आठवड्यात हरडेंचा लेख छापून आला. त्यात ना देवीची टिंगल, ना आईची. लस म्हणजे चोर येण्याआधी राखणदाराला त्याचा चेहरा दाखवून ठेवणं. टोचल्यावर येणारा ताप म्हणजे राखणदाराची तालीम, एवढंच. सुशीलेनं तो शेजारणींना मोठ्यानं वाचून दाखवला आणि सकाळी मुलीला घेऊन रांगेत उभी राहिली.

"आता भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते नं. पण ताप काहून येते, ते मास्तरांनी सांगतलं."

पलीकडच्या गल्लीतलं एक मूल त्या साथीत गेलं. आमची मुलगी वाचली. ती वाचावी हे तर मला हवंच होतं. पण माझ्या शब्दानं वाचावी, असंही हवं होतं. कित्येक दिवस मी हरडेंशी धड बोललो नाही. त्यांना कारण कधी कळलं नाही. ते आपले रोज मला चहाला ओढून नेत.

सत्तरनंतर लवकरच ते हृदयविकारानं गेले. साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांचं सदर मला चालवायला सांगितलं. किती वर्षं मी त्या जागेकडे डोळे लावून होतो! आठवडाभर खपून आकाशातल्या विजेवर पहिला लेख लिहिला आणि सुशीलेला वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घालून परत केला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "पण हे कोणाले सांगून राह्यले तुम्ही?"