तोंड तेवढं जमलं होतं

मेहमूद गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात ओट्यावर बसून मेथी निवडत होतो. "भाईसाब, ये चले गये," एवढंच शमीमभाभी, त्याची बायको, बोलली. मी अमरावतीला गेलो, मातीही दिली, पण रडू काही आलं नाही. पस्तावा आड येत होता.

मेहमूद अमरावतीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. कापसाचं सगळंच बिनसलं होतं, त्या वर्षांत एका कृषी केंद्रवाल्याच्या डोक्यात आलं, की फवारणीवर एक कार्टून काढावं आणि आठवडी बाजारात जीपमधल्या टीव्हीवर दाखवावं. चित्रं मेहमूदची, लिहिणं-बोलणं माझं. मी तेव्हा हौशी नाटकांत कामं करायचो. कार्टून काढतात कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. काचेखाली ट्यूबलाइट, वर ट्रेसिंग पेपर, आणि एकेक चित्र व्हिडिओ कॅमेऱ्यानं टिपायचं. पैसे बेताचे, म्हणून चित्रंही कमी. बैल चालायला लागला की मागचं झाडही त्याच्यासोबत चालायचं. एका दृश्यात बैलाला शेपूट, पुढच्यात गायब! शेतकऱ्याचा निळा सदरा मध्येच हिरवा व्हायचा, कारण निळा रंग संपला होता. पण तोंड... तोंड असं जमलं होतं की काय सांगू! मेहमूद मला समोर बसवून तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावायचा आणि माझ्या ओठांकडे बघत काढत राहायचा. 'काहून' म्हणताना ओठ कसे पुढे येतात, तेही त्यानं बरोब्बर पकडलं होतं. बाजारातली माणसं शेपटीला हसायची आणि शेतकरी बोलायला लागला की गप्प व्हायची.

फवारणीच्या दृश्यात शेतकरी नाकातोंडाला दुपट्टा बांधतो, असं मी लिहिलं होतं. ते वाचून मेहमूदनं ब्रश खाली ठेवला.

"भाऊ, तोंड झाकू काय? अख्ख्या पिच्चरमधी तेवढंच तर जमलं आपल्याले."

मलाही पटलं. झाकलं असतं तर उलट मेहनत वाचली असती, पण आपलं चांगलं काम झाकून ठेवायला कोणाला आवडतं? आमचा शेतकरी उघड्या तोंडानं, हसत, बोलत फवारत राहिला.

पुढच्या हंगामात तिवशाकडचा एक मजूर फवारताना चक्कर येऊन पडला. जीव वाचला, पण दम लागायचा तो कायमचाच. मेहमूदच्या ओळखीतला होता, म्हणून तो दवाखान्यात बघायला गेला. तोंड का बांधलं नाही, असं त्यानं विचारलं, तर मजुराची बायको म्हणाली, "टीव्हीतल्या मानसानं तरी कुठं बांधलं होतं?"

मेहमूद तिथून थेट अकोल्याला माझ्याकडे आला. "माह्या चित्रानं झालं, भाऊ," म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"काहीतरीच काय बोलतं बे! तुह्या बैलाले शेपूट नाई, झाड चालून राहिलं... असं चित्र पाहून कोन काय शिकते? लोकं हसाले येत होते, हसाले."

त्याचं ओझं उतरावं म्हणूनच बोललो मी. आणि थोडं माझंही... पडद्यावरचं ते तोंड माझं होतं ना. मेहमूद बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर त्यानं माणसाचा चेहरा म्हणून काढला नाही. पाट्यांवर नुसती अक्षरं. कोणी चेहरा मागितला, की दुसऱ्या पेंटरकडे पाठवायचा. आमची भेट होत राहिली, ईदेचा शीरखुर्मा कधी चुकला नाही, पण कार्टूनचा विषय दोघांनीही काढला नाही. दोष काढून घेताना मी त्याचा हातच काढून घेतला, हे मला कळत होतं. कळूनही मी गप्प राहिलो.

परवा पुन्हा त्याच्या घरी गेलो. त्याच्या खोलीत रंगाचा वास तसाच आहे. दाराशी एक पाटी वाळत ठेवल्यासारखी उभी आहे, ती कोणी हलवलेली नाही. शमीमभाभीनं चहा दिला आणि समोर बसली.

"भाईसाब, एक बात पूछूँ? इनकी वो पिच्चर सच में खराब थी क्या?"

खराब म्हणावं तर त्याच्या हाताचा अपमान, चांगली म्हणावं तर तो मजूर डोळ्यांपुढे येतो. इतकी वर्षं मी याच पेचातून पळत होतो.

"नहीं भाभी," मी म्हणालो. "अच्छी थी. आदमी बोलता था तो लोग सच मानते थे."



"उनको यही बोल देना था ना," ती म्हणाली. "गुनाह तो वो वैसे भी मान के बैठे थे. हाथ तो नहीं रुकता."