फुकट करीन, पन सस्त्यात नाई

अकोटच्या एसटी स्टँडवर मला सोडायला बाबा थेट कामावरून आले होते. कोपरापर्यंत पोपटी रंग. आईने तो पदराने पुसायला घेतला तर पदरालाच लागला, आणि गाडी अकोल्याकडे निघेस्तोवर ती त्यांच्यावर करवादत राहिली. मला पुण्यात इंटिरियर डिझाइन शिकायचं होतं, डोक्यात तेवढंच. ऐन पावसाळ्यात बाबांना रंगकाम कुठून मिळालं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या बारशापासून प्रत्येक कार्याला हजर असलेले रामदासकाका, बाबांसारखेच रंगारी, त्या दिवशी का आले नाहीत, हेही मी विचारलं नाही.

बाबा घरं रंगवतात, कुणाची नोकरी करत नाहीत. आता मीही करत नाही. पुण्यात खोलीवर बसून स्वयंपाकघरांची ड्रॉइंग काढते आणि कामाप्रमाणे पैसे घेते. इथे त्याला फ्रीलान्सिंग म्हणतात. अकोटला म्हणतात, 'थे घरीच असते.' तुम्ही तिथले असा की माझ्यासारखे निघून आलेले, हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

पोळा सरला, पाऊस ओसरला की बाबा आणि रामदासकाका धरून अकोटचे चार रंगारी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसून सालाचा भाव ठरवायचे. पुढे दसरा-दिवाळीची कामं. कापसाने दगा दिलेल्या साली अख्खा बाजार माशा मारत बसे, तरी भाव उतरायचा नाही, काम उतरायचं. रंगाचे दोन हात परवडत नाहीत? एक हात मारू. सगळं घर नको? दर्शनी भिंत करू. चौघांपैकी एखादा अगदीच रिकामा असला तर दुसरा आपल्या कामातली एक भिंत त्याला द्यायचा. आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शेवंतामावशींच्या पोरीचं लग्न निघालं, तेव्हा बाबांनी त्यांचं सगळं घर दोन हात देऊन रंगवलं आणि चहापलीकडे काही घेतलं नाही.

"फुकट करीन, पन सस्त्यात नाई," बाबा म्हणायचे. "फुकटाचा भाव कोनी सांगत नाई. सस्त्याचा साऱ्या गावाले मालूम होते."

मला तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटायचा.

यंदा पुण्यात फ्लॅटची बुकिंग थंडावली आणि आमची कामं आटली. मला कामं देणाऱ्या एका इंटिरियरच्या ऑफिसातून फोन आला, "मार्केट डाऊन आहे, निम्म्यात करून द्या, पुढे बघू." अशा बापाची लेक मी, आणि मिनिटभरात हो म्हणाले. हातात दुसरं काम नव्हतं आणि मी घाबरले होते.

पंधरवड्याने श्वेताचा फोन आला. श्वेता माझ्याच धंद्यातली. पुण्यात मी नवीन असताना तिने मला अर्धी खोली दिली होती आणि पहिलं कामही. त्याच ऑफिसने तिचं काम काढून घेतलं होतं. "निम्म्यात करणारी मिळाली म्हणे. कोण असेल गं?" तिने विचारलं.

"असेल कुणीतरी," मी म्हणाले.

त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार.

"म्याबी केलं होतं," ते म्हणाले. "तू पुन्याले गेली त्या साली. तुयी फी भराची होती. रामदासनं पुऱ्या भावात बोललेलं घर म्या निम्म्यात घेतलं."

तो पोपटी रंग त्या घराचा होता. काका स्टँडवर आले नव्हते ते त्यामुळे.

"मंग?" मी विचारलं. बाबांशी बोलताना माझी भाषा आपोआप अकोटला जाते.

"मंग काय? पोळ्यानंतर टपरीवर गेलो अन् तिघायसमोर सांगून टाकलं. दोन महिने कोनी बोललं नाई. मंग रामदासनंच एक भिंत देल्ली. भेव सगळ्यालेच वाटते माय. तिले सांगून टाक."

आजवर मला बाबांचं कौतुक होतं ते कधी न वाकणारा माणूस म्हणून. पण वाकल्यावर चारचौघांत उभं राहून कबूल करणं किती अवघड, हे श्वेताचा नंबर लावताना कळलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग ऑफिसला कळवलं, यापुढे रेट पूर्वीचाच. बजेट नसेल तर फक्त ओट्याचं ड्रॉइंग देईन, बाकीचं नंतर. ते म्हणाले, "बघतो." पाच आठवडे कुणीच काही बघितलं नाही. सहाव्या आठवड्यात श्वेताचा मेसेज आला, 'एक किचन आहे. करशील? रेट आपलाच.'

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना फोन लावला, तर ते टपरीवर होते. रामदासकाकांनी फोन हिसकावला. "काहून वो पोरी, तुमच्याइकडं काय भाव ठरला?"

मी सांगितला.

"हाव. उतरू नको," काका म्हणाले, आणि तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, "हे पाचवी हाय बे आपली!"

गाव कुठलं म्हणून विचारलं की मी अजून अकोट सांगते. पूर्वी सांगताना डोळ्यांसमोर आमचं दार यायचं. आता ती टपरी येते. तिथे मी कधी बसले नाही, पण माझी जागा धरलेली आहे.