माझ्या हातातलं टोक

भानुदासमामा गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही… ती मीच सगळ्यांना कळवली. तिसऱ्या दिवशी तो पुलाच्या खालच्या अंगाला सापडला. महिना होत आला, तरी मी नळ बारीकच सोडते.

मामा पिशोर गावचा. पिशवीभर कांदे घेऊन एसटीनं आमच्याकडं संभाजीनगरला यायचा, आणि गुलमंडीत भाव करताना अशी हिंदी झाडायचा, की दुकानदार हसून चहा मागवायचा. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की तो कोरड्या नदीत झिरा खणायचा. वाळूतला खड्डाच तो, त्यात पाणी उपसायची मोटार सोडायची. सारं गाव तेच करायचं, कारण चैत्रात नदीला पाणी येतच नाही. यंदा मात्र घाटावर दोन दिवस पाऊस कोसळत राहिला. असा पाऊस झाला की माणसं नदीपासून लांब पळतात. आमची माणसं मोटारी काढायला नदीकडं धावली. मी सुट्टीला गेले होते, मीही मामामागं गेले. त्यानं दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक काठावर माझ्या हातात दिलं.

"मामा, राहू दे ती मोटार. मला भीती वाटतेय."

"चैतात कुठं पूर येतो व्हय, माय? तू फकस्त दोरी धर," म्हणत तो पात्रात उतरला.

आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा… मग वळणावरून गढूळ पाणी आलं. जुनी माणसंही म्हणतात, असा पूर या नदीला कधी पाहिला नाही. मामा काठाकडं धावला, पडला. दोरी ताठ झाली. माझे पाय चिखलात घसरू लागले. "धर, माय, धर!" तो ओरडत होता, आणि मला एवढंच कळत होतं की आता मीही आत जाणार.

दोरी तुटली, असं मी गावाला सांगितलं. दोरी तुटली नव्हती. मी भ्याले आणि ती सोडली.

दहाव्यानंतर मामी जवळ येऊन बसली. "तू तरी काय करशील, माय? एवढ्या पाण्यापुढं दोरी किती टिकंल?" म्हणत तिनं माझे हात हातात घेतले, तळवे वर केले. जन्मभर विहिरीतून पाणी ओढलेली बाई ती… दोरी शेवटपर्यंत धरली की तळहाताची काय गत होते, हे तिला ठाऊक होतं. माझ्या तळव्यांवर खपली नव्हती, साधा वणही नव्हता. ती बघत राहिली. मग माझ्या मुठी मिटून तिनं त्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि उठून चुलीकडं गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "जेवलीस का, माय?" एवढंच विचारते. फोन वाजला की तो उचलायची मला भीती वाटते. हा लेख रविवारी पेपरात छापून येईल, गावातही वाचतील. त्या संध्याकाळी फोन वाजलाच नाही तर… याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.