विमानातला संप आणि माझी भूक

विमान कंपनीत एअर होस्टेसची नोकरी लागली तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार म्हणजे फारच शहाणी समजत होते. ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या चाळीतून मान वर करून निघायचे ती थेट स्टेशनपर्यंत मान खाली यायची नाही. शेजारी मिठागरावर काम करणारी एक म्हातारी राहायची. ती विचारी, "काय गो पोरी, वर आभालान चा कोन पितं?" तिला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटे. एकदा तशीच मान वर करून शेणात पाय दिला, तेव्हा ती पोटभर हसली. तिचं काही चुकलं नाही. आज ती मुलगी मला भेटली तर मीसुद्धा हसेन.

घरून मी साडी नेसून निघायचे. कंपनीचा स्कर्ट विमानतळावरच्या कपाटात असायचा. ही गोष्ट आईला ठाऊक होती आणि तिनं ती वडिलांपर्यंत जाऊ दिली नव्हती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. कचेरीत जन्म गेलेला माणूस; 'संप' शब्द ऐकला की त्यांचा चष्मा नाकावर घसरे.

आणि संपाची नोटीस तर आम्ही दिली होती! विमानात काम करणाऱ्या सगळ्यांना पगारवाढ हवी होती. आम्हा मुलींची त्यात आणखी एक तक्रार होती. परगावी मुक्काम पडला की जेवणाखाण्याचा भत्ता मिळे. तो पुरुषांना जास्त, मुलींना कमी. सोमवारपासून विमानात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

अण्णांनी निकाल देऊन टाकला. "संप गिरणीत करतात. विमानात करायला तुम्ही कोण लागून गेलात? संप झाला की नोकरी गेलीच समज. मग मी कल्याणला होकार कळवणार."

कल्याणचं एक स्थळ चालून आलं होतं. धान्याचा घाऊक व्यापार, बाजारात स्वतःची वखार. मुलगा वाईट नव्हता. पण मला दिल्ली, कलकत्ता, मद्रास हवं होतं, आणि ते वखारीतून दिसण्यातलं नव्हतं.

त्याआधीच्या शनिवारी बोलणी करायला या, असं कंपनीनं कळवलं. मुलींच्या वतीनं कोण जाणार? "मी!" असं ओरडणारी मीच. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळाली होती ना! बाकीच्या मुली कॉन्व्हेंटच्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या. पण साहेबासमोर जायला त्यांना धीर होईना. मी आठवडाभर आरशासमोर इंग्रजी भाषण पाठ केलं. 'न्याय' म्हणताना उजवा हात वर, 'समानता' म्हणताना दोन्ही. आई म्हणाली, "दोन्ही हात वर केलेस की पोलिसांनी पकडल्यासारखी दिसतेस."

आमच्या बाजूनं तिघं होतो: मी आणि विमानातच काम करणारे दोन स्टुअर्ड. त्यांतला वयानं मोठा होता तो गोव्याचा, शांत माणूस. तोच आमचा पुढारी. समोर मोठे साहेब आणि त्यांचे दोन मदतनीस. भत्त्याचा विषय निघाला तसे साहेब गंभीरपणे म्हणाले, "मुली चिमणीएवढं खातात. त्यांना जास्त भत्ता कशाला?"

पुढाऱ्यानं मला खूण केली. मी उभी राहिले. उजवा हात उचलणार, इतक्यात शिपायानं चहा-खाण्याचा भरगच्च ट्रे आणून टेबलावर ठेवला.

पुढे काय झालं ते हातांना विचारा. त्यांनी ट्रे उचलला, चेहऱ्यावर ते शिकवलेलं हसू आलं, आणि मी साहेबांपुढे वाकून म्हणाले, "चहा की कॉफी, सर?"

कॉफी नव्हतीच.

सगळ्यांना चहा दिला, सँडविचेस फिरवली, रुमालसुद्धा दिले. साहेब खूश. "बघा! कामाची किती हौस आहे या मुलींना! आणि तुम्ही यांना संप करायला लावता?"

पुढाऱ्यानं डोळे मिटून घेतले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाषणातला एक शब्द आठवेना. मी उरलेला ट्रे घेऊन मागच्या कपाटाकडे गेले.

आता विमानातली आमची रीत अशी की आधी प्रवासी, मग आपण. सगळ्यांचं झालं की मागच्या पडद्याआड जायचं, प्रवाशांकडे पाठ करायची आणि उरलंसुरलं उभ्याउभ्या भराभर खायचं. कारण घंटी कधी वाजेल नेम नसे. मी सकाळपासून उपाशी, त्यात घाबरलेली. कपाटाकडे तोंड करून उभी राहिले आणि सुरू झाले. सँडविचेस संपली. केक संपला. बिस्किटांना हात घातला तेव्हा मागचं बोलणं थांबल्याचं जाणवलं.

वळून पाहिलं तर पाचही जण माझ्याकडे बघत होते.

पुढारी अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, आमच्या चिमणीचं झालं असेल तर पुढे बोलू या."

आधी साहेबांचा एक मदतनीस फिस्सकन हसला, मग साहेब. मी घास कसाबसा गिळला आणि माझ्या त्या लांबलचक भाषणाचं एकच वाक्य झालं: "सर, दिल्लीच्या मुक्कामात याच्या निम्मंसुद्धा परवडत नाही."

माझ्या खाण्यानं संप टळला असं मी नातवंडांना सांगते, पण इथं खरं लिहायला हवं. बोलणी पुढे संध्याकाळपर्यंत चालली आणि ती त्या गोव्याच्या माणसानं चिवटपणे चालवली. पगारवाढ मागितली त्याहून कमी मिळाली. मुलींचा भत्ता मात्र पुरुषांइतका झाला. नोटीस मागे घेतली.

ठाण्याला पोचले तर अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. त्यांना सगळं सांगितलं.

"खाल्लंस? तिथं? सगळ्यांसमोर?"

"समोर नाही हो अण्णा. पाठ करून."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी अण्णा टोपी घालून कुठे निघाले ते त्यांनी सांगितलंच नाही. दिवेलागणीला परतले तेव्हा आई दारातच उभी होती.

"कल्याणला गेला होतात ना? काय सांगितलंत त्यांना?"

"मुलगी आणखी दोन वर्षं नोकरी करणार आहे म्हटलं. थांबायचं तर थांबा."

"मग?"

"दुसरी बघतो म्हणाले."

"अगंबाई! मग आता?"

"आता काय? बघू देत," अण्णा टोपी खुंटीला लावत म्हणाले. "हिला पहाटे निघायचंय. लवकर वाढ. आणि भात जरा जास्त लाव."